सगळी गाणी मोबाइलवर असताना वडिलांच्या रेकॉर्डी ठेवाव्यात का?

माळ्यावरची पेटी यांचा प्रश्न:

नमस्कार. नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली आली आणि तिच्यात वडिलांच्या रेकॉर्डी निघाल्या. मोजल्या तेव्हा 64 भरल्या. त्यांतल्या 19 जुन्या, जड, लाखेच्या आहेत. बाकीच्या लाँग प्ले आणि काही लहान, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या. वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर मी प्राथमिक शाळेत असतानाच बंद पडला आणि पुढे भंगारात गेला, त्यामुळे या रेकॉर्डी वाजताना ऐकल्याचे मला फारसे आठवत नाही.

नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणार आहोत आणि तिथे प्रत्येक वस्तूला जागेचा हिशेब द्यावा लागतो आहे. मी यादी करून पाहिली, तर 64 पैकी पन्नासेक रेकॉर्डींवरची गाणी मोबाइलवर सहज सापडली, तीही खरखर काढून स्वच्छ केलेली. एका भंगारवाल्याने पेटीसकट जो भाव सांगितला तो इथे लिहावा असा नाही. तरीही माझ्या ओळखीतली दोन-तीन शहाणी माणसे अशाच रेकॉर्डी पदरचे पैसे मोडून विकत घेतात आणि वाजवतात. केवळ जुन्या आठवणींसाठी माणसे एवढा उद्योग करतील असे मला वाटत नाही. या छंदात नेमके असे काय आहे, आणि माझ्यासारख्याने यंत्र घेण्याच्या फंदात पडावे का, हे जाणकारांनी सांगावे.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. मराठी भावगीतांच्या एका लाँग प्लेची पहिली बाजू खिडकीशी तिरकी धरली, तेव्हा बाकीच्या गाण्यांचे पट्टे काळेभोर चमकत होते आणि तिसऱ्या गाण्याचा पट्टा तेवढा करडा, निस्तेज दिसत होता. वडिलांचे ते आवडते गाणे असावे असे प्रथम वाटले, परंतु ते गाणे त्यांनी कधी गुणगुणल्याचे मला आठवत नाही.

जुन्या बाजारातला रविवार यांचे उत्तर:

पेटी देऊन टाकायची असेल तर ऐकल्यानंतर द्या, ऐकण्याआधी नको.

मी गेली तीस वर्षे रेकॉर्डी जमवतो आहे. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि कुलपे यांच्या शेजारी पोत्यावर मांडलेल्या ढिगांतून माझ्या निम्म्याहून अधिक रेकॉर्डी आलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येकींच्या लेबलावर एखाद्या लाउडस्पीकरवाल्याचा रबरी शिक्का असतो, कारण लग्नकार्यात आणि गणेशोत्सवात मांडवाच्या खांबावर कर्णा बांधून दिवसभर रेकॉर्डी वाजवणे हा त्यांचा धंदा होता. अशा रेकॉर्डी चाळणीसारख्या झिजलेल्या असतात, पण मी त्या घेतो. ज्या रेकॉर्डीने शंभर लग्ने लावली, तिचा गळा बसणारच.

आपण विचारले आहे की नेमके काय आहे. माझ्यापुरते उत्तर असे आहे की, रेकॉर्ड हातात घेतल्यावर गाणाऱ्याला किती जागा मिळाली होती ते डोळ्यांनी दिसते. दहा इंची लाखेच्या रेकॉर्डीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटे मावतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले आणि लाँग प्ले अमेरिकेत पहिल्यांदा बाजारात आली ती 1948 साली. म्हणजे ज्या खाँसाहेबांनी 1913 साली आपल्या पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि रात्र-रात्र मैफली गाजवल्या, त्यांच्या रेकॉर्डींत आपल्याला उरले आहेत ते तीन-तीन मिनिटांचे तुकडे. मोबाइलच्या यादीत त्यांची ठुमरी पन्नास मिनिटांच्या एखाद्या मैफलीशेजारी येऊन बसते आणि नवख्या कानाला नमुन्यादाखल ठेवल्यासारखी वाटते. तीच रेकॉर्ड फिरताना पाहा. रेघा लेबलाला जाऊन भिडलेल्या असतात, बोटभरसुद्धा जागा शिल्लक नसते, आणि त्या अरुंद कडेवर पोहोचेपर्यंत खाँसाहेब घाई न करता गात असतात. भीमसेन जोशी यांना लहानपणी गदगच्या एका दुकानात खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून गाण्याचे वेड लागले, हे सर्वश्रुत आहे. त्या मुलालाही ऐकायला मिळाली ती तेवढीच मिनिटे.

आणखी एक. आपल्या 19 लाखेच्या रेकॉर्डींत फार जुनी एखादी असेल, तर शेवटपर्यंत ऐका. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे पहिल्यांदा मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. तो नखरा नव्हता. मुद्रण इथे होई आणि रेकॉर्डी छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणती बाजू कोणाची हे कळावे म्हणून गाणारे नाव सांगत असत. आपल्याकडेही तशी प्रथा पुढे काही वर्षे टिकली.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना, जी मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटने कधीही पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. माझ्या हौसेच्या पहिल्याच वर्षी मी हिराबाई बडोदेकरांची एक रेकॉर्ड स्पिरिटच्या बोळ्याने चकचकीत करायला गेलो. कापूस तपकिरी झाला आणि दोन मिनिटांत रेघांवर पांढुरका ढग पसरला. ती रेकॉर्ड आजही भिंतीवर टांगलेली आहे, शोभेसाठी नव्हे.

अर्थिंग यांचे उत्तर:

वरील प्रतिसाद सुंदर आहे, परंतु प्रश्नकर्त्यांनी खर्च करण्यापूर्वी काही रूक्ष गोष्टी जाणून घ्याव्यात म्हणून लिहितो. माझा पोटापाण्याचा व्यवसाय ध्वनियंत्रणेचा आहे.

रेकॉर्डीचा आवाज सीडीपेक्षा चांगला असतो हा समज तांत्रिक निकषावर टिकत नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले जे अंतर सीडीवर सुमारे 96 डेसिबल मिळते, ते उत्तम लाँग प्लेवर 60 ते 70 डेसिबलच्या आसपास असते. शिवाय लाँग प्ले मिनिटाला 33⅓ फेरे एकाच गतीने घेत असली, तरी सुईखालून रेघ सरकण्याचा वेग कडेला सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर असतो आणि लेबलाजवळ तो 21 वर येतो. त्यामुळे शेवटच्या दोन-चार मिनिटांत तीव्र स्वर फाटल्यासारखे होतात. यातली गंमत अशी की आपला ख्याल विलंबितात सुरू होऊन द्रुतात चढतो, म्हणजे जिथे ताना आणि तबला सर्वांत जोरात असतात नेमकी तिथेच रेकॉर्डीची प्रकृती सर्वांत नाजूक असते. हे माध्यम आपल्या संगीताच्या सोयीने घडवलेले नव्हते. तरीही वीस-बावीस मिनिटांची सलग बाजू मिळाल्यामुळे राग जरा पाय पसरून बसू शकला, हे उपकार मोठेच.

आता यंत्राविषयी. पेटीच्या आकाराचे, आत स्पीकर असलेले स्वस्त रेकॉर्ड प्लेअर दिसायला गोड असतात, परंतु त्यांतल्या अनेकांची सुई पाच-सहा ग्रॅम वजनाने रेघेत टेकते आणि वजन कमी-जास्त करण्याची सोय नसते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाला, दोन ग्रॅमच्या आसपास वजन पुरते. मला स्वतःला एका दुकानात असे पेटीयंत्र ‘रेकॉर्डला अजिबात धक्का नाही’ अशा शपथेवर विकण्यात आले होते. सहा महिन्यांनी एका पखवाज वादनाच्या रेकॉर्डीतला ‘धा’ ऐकू आला तो भाताच्या कोंड्यात भरून. साधे, पट्ट्यावर चालणारे आणि सुई बदलता येणारे टर्नटेबल घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाचे एलपी-60 एक्स हे त्यातले नवख्यांना पेलणारे यंत्र आहे आणि त्यात फोनो प्रीअँप बसवलेलाच असतो. हा प्रीअँप आवश्यक आहे, कारण रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि तीव्र स्वर वाढवून कोरलेले असतात आणि वाजवताना ते उलट करून घ्यावे लागतात. 1954 पासून त्याचे एक प्रमाण ठरलेले आहे. प्रीअँप नसलेले टर्नटेबल घरच्या अँप्लिफायरला सरळ जोडले की आवाज बारीक, पातळ येतो आणि लोक बिचाऱ्या रेकॉर्डीला नावे ठेवतात. जुने यंत्र मिळाले तर तपकीर गल्लीत पट्टा, मोटार, वायरी यांची शोधाशोध करता येते, पण त्यासाठी शनिवारची दुपार आणि संयम दोन्ही हाताशी हवे.

19 लाखेच्या रेकॉर्डी मात्र या यंत्रावर लावू नका. त्यांची रेघ रुंद असते. लाँग प्लेची सुई साधारण 18 ते 25 मायक्रॉनची, तर मिनिटाला 78 फेऱ्यांच्या या लाखेच्या रेकॉर्डींची 75 मायक्रॉनच्या आसपास. बारीक सुई त्या रेघेत तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. गतीचेही पाहावे लागते. जुन्या काळी प्रत्येक रेकॉर्ड बरोबर 78 फेऱ्यांनीच मुद्रित झालेली असे, असे नाही. गतीत सहा टक्के फरक पडला तर स्वर अर्ध्या पट्टीने हलतो, म्हणजे हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गाणारी बाई शेजारच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येते. एखाद्या गायकाच्या पट्टीबद्दल जुन्या रेकॉर्डींवरून वाद घालणाऱ्यांनी आधी यंत्राची गती तपासावी.

करड्या पट्ट्याबद्दल आपला हिरमोड करतो, क्षमा असावी. रेकॉर्ड करडी पडते ती जड आणि झिजलेल्या सुईमुळे. ते प्रेमाचे चिन्ह नसून दुर्लक्षाचे आहे.

बाजू ब यांचे उत्तर:

मी सव्वीस वर्षांची आहे, त्यामुळे माझ्या बाबतीत आठवणींचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या घरी कधीही रेकॉर्ड प्लेअर नव्हता आणि माझ्या आईवडिलांचे तारुण्य कॅसेटी गुंडाळण्यात गेले. तरीही माझ्याकडे आज 12 लाँग प्ले आहेत. तेरावी घेतली की एक देऊन टाकायची असा मी नियम केला आहे, कारण कोथरूडच्या माझ्या खोलीतील कपाटाचा एकच कप्पा त्यांना मिळालेला आहे. हा छंद केवळ आजोबा मंडळींचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत 2022 साली साधारण 4 कोटी 10 लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. रेकॉर्डींनी सीडींना संख्येत मागे टाकले असे 1987 नंतर प्रथमच घडले. अर्थात नव्या छपाईच्या पुष्कळशा रेकॉर्डी डिजिटल मुद्रणावरूनच कोरल्या जातात, तेव्हा त्यांत काही आदिम शुद्धता असते वगैरे बोलणाऱ्यांना मी हसून सोडून देते.

मी रेकॉर्ड घेऊ लागले ती एका साध्या कारणाने. मी तबला शिकते. एका ख्यालाची साथ मला इतकी आवडली होती की वाजवणारे कोण हे शोधण्यासाठी मी एक संध्याकाळ मोबाइलवर घालवली; गायिकेचे नाव होते, रागाचे होते, प्रकाशनाचे वर्षही होते आणि तेही पुनःप्रकाशनाचे, पण तबलजींचे नाव कुठेही नव्हते. पुढे तीच लाँग प्ले एका स्नेह्यांकडे दिसली. वेष्टन उलटे केले, तर मागच्या बाजूला तबला कोणाचा, हार्मोनियम कोणाची, बंदिशीचे बोल काय, सगळे छापलेले होते आणि खाली रागावर चांगला लांबलचक मजकूर. ज्या माणसांनी ते गाणे मिळून केले ती सगळी त्या पुठ्ठ्यावर हजर होती. आमच्या गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या तरुणपणी एखाद्या दुकानात उभे राहून रेकॉर्ड विकत न घेता नुसते मागचे पान वाचून येणारे विद्यार्थी असत आणि दुकानदार त्यांना ओळखून असत.

प्रश्नकर्त्यांना एवढेच सुचवीन की रेकॉर्डी देऊन टाकायच्या ठरल्या, तरी वेष्टनांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आधी काढून ठेवा. ठेवायच्या ठरल्या तर आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आणि पुण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून मुळीच ठेवू नका. माझ्या एका वेष्टनावर श्रावणात जी बुरशी उगवली, ती दिवाळीपर्यंत काही हटली नाही.

जुन्या बाजारातला रविवार यांचे पुन्हा उत्तर:

‘अर्थिंग’ यांचे यंत्रज्ञान निर्विवाद आहे, परंतु करड्या पट्ट्याच्या निकालावर मला अपील करायचे आहे. जड सुई सगळ्या गाण्यांवर सारखीच जड असते. रेकॉर्ड दुर्लक्षाने झिजली असती तर पहिल्या गाण्यापासून पाचव्यापर्यंत सगळीच बाजू करडी व्हायला हवी होती. एकच पट्टा झिजला आहे, म्हणजे सुई उचलून तिथेच पुन्हा पुन्हा ठेवली गेली आहे. माझ्याकडे जुन्या बाजारातून आलेल्या रेकॉर्डींत अशा चार-पाच तरी आहेत, आणि त्यांतल्या एकीवर त्या गाण्याच्या सुरुवातीला कोणीतरी खडूच्या पेन्सिलीने बारीक ठिपका केलेला आहे, सुई अंधारातही बरोबर उतरावी म्हणून. प्रश्नकर्त्यांनी पट्टा पुन्हा नीट पाहावा. तो सगळा सारखा करडा आहे, की काही भागच अधिक? आणि आपल्या घरात कोणी गात असे का?

अर्थिंग यांचे उत्तर:

युक्तिवाद मान्य. सुई जड होती हे माझे म्हणणे कायम, पण ती तिथेच का उतरली याचे उत्तर माझ्या मीटरवर येणार नाही.

माळ्यावरची पेटी यांचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशीर झाला, कारण मधल्या काळात सामान हलवले आणि यंत्रही घेतले. ‘अर्थिंग’ यांनी सांगितल्याप्रमाणे साधे, पट्ट्याचे. लाखेच्या 19 रेकॉर्डी सध्या एका संग्राहक मित्राकडे आहेत. त्याच्याकडे चावीचा ग्रामोफोन आणि खोकेभर पोलादी सुया आहेत, आणि प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची शिस्तही आहे. एका रेकॉर्डीच्या शेवटी गाणाऱ्याने खरोखरच आपले नाव सांगितले. आम्ही ते चार वेळा ऐकूनही नाव नीट लागले नाही.

भावगीतांची लाँग प्ले मी पातळ साबणाच्या पाण्याने, लेबल भिजू न देता धुतली, वाळवली आणि रविवारी सकाळी लावली. पट्टा पुन्हा पाहिला होता. करडेपणा सगळीकडे सारखा नाही, दुसऱ्या अंतऱ्याच्या आसपास तो सर्वाधिक आहे. पहिली दोन गाणी स्वच्छ वाजली. तिसरे सुरू झाले, तशी आई स्वयंपाकघरातून गॅस बंद करून बाहेर आली. गाण्यावर वाळूचा पाऊस पडत होता, त्यातून आवाज येत होता. दुसऱ्या अंतऱ्यात एका जागी सुईने उडी घेतली आणि एक शब्द गळाला. आई म्हणाली, ‘तिथे ती तेव्हाही उडायची.’

मग तिने सांगितले ते मला माहीत नव्हते. लग्न होऊन ती या वाड्यात आली त्या वर्षी शेजारच्या बायकांनी कोजागरीला गाण्याचा कार्यक्रम ठरवला होता आणि तिच्या वाट्याला हे गाणे आले होते. शब्द कुठे छापलेले मिळेनात. म्हणून वडील कचेरीतून आल्यावर रोज संध्याकाळी प्लेअरशी बसत. ते सुई उचलून मागे ठेवत आणि ती एक-एक ओळ लिहून घेत असे. वडिलांना हे गाणे आवडत नसे. फार रडके आहे, असे ते म्हणत. तरी आठ-दहा दिवस हा कार्यक्रम चालला.

वही तिच्या ट्रंकेत होती. शाईच्या पेनाने लिहिलेले गाणे आहे, वर तिच्या माहेरच्या अक्षराच्या वळणात ‘श्री’ आहे आणि दुसऱ्या अंतऱ्यात एका शब्दापुरती जागा कोरी आहे. मी विचारले, मग कार्यक्रमात काय म्हटलेस? ती म्हणाली, ‘नुसता आकार लावला. कोणाला कळले नाही.’

मी मोबाइलवर तेच गाणे काढले, तो शब्द ऐकला आणि तिला सांगितला. तिने चष्मा लावून वहीतल्या कोऱ्या जागेत तो लिहिला, शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली, आणि सुई पुन्हा मागे ठेवायला सांगितली.